बेटाला लागणाऱ्या बोटी

बहामाजची राजधानी नासाऊ ज्या पाण्याकाठी वसली आहे, ते न्यू प्रॉव्हिडन्स आणि पॅरडाइज आयलंड या दोन बेटांमधल्या एका अरुंद सामुद्रधुनीचं आहे. तिच्या चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात तीन बंदरं ओळीनं लागतात. मधलं प्रिन्स जॉर्ज वॉर्फ क्रूझ जहाजांचं. २०२३ मध्ये त्याचं नूतनीकरण झालं आणि आता तिथे एकाच वेळी सहा जहाजं उभी राहतात. ती उभी असली की मागचं गुलाबी-पिवळ्या इमारतींचं जुनं शहर समुद्रावरून जवळजवळ दिसेनासं होतं. पूर्वेला, पॅरडाइज आयलंडकडे जाणाऱ्या पुलाखाली, पॉटर्स की नावाचा धक्का आहे. तिथे गंज धरलेल्या, पुढे क्रेन आणि मागे चार-सहा खोल्या असलेल्या टपालबोटी लागतात, त्यांच्या शेजारी मासेमारीची गलबतं असतात आणि काठावर शंखातलं मांस विकणाऱ्यांच्या टपऱ्या. पश्चिमेला आरावाक की हे समुद्रतळाचा गाळ उपसून तयार केलेलं बेट आहे. तिथे कंटेनर उतरतात. कॅरिबियनच्या सहलीला गेलेला पाहुणा यांतल्या पहिल्या बंदरात उतरतो, दुसरं पुलावरून जाताना पाहतो आणि तिसऱ्याकडे त्याचं लक्षही जात नाही. मात्र हे बेट कशावर चालतं हे समजून घ्यायचं असेल, तर क्रम उलटा लावावा लागेल. माझं म्हणणं थोडक्यात असं: बंदरात उभ्या असलेल्या जहाजांपैकी जे सर्वांत मोठं, त्याचं त्या बंदरावाचून सर्वांत कमी अडतं. असं आधीपासून नव्हतं. माणूस आणि माल पूर्वी एकाच जहाजातून जात. त्यांची फारकत झाली तेव्हापासून हे असं झालं.

ही फारकत समजण्यासाठी केळ्यापासून सुरुवात करायला हवी. १८७० मध्ये मॅसॅच्युसेट्सचा कप्तान लोरेन्झो डाऊ बेकर यानं ‘टेलिग्राफ’ या आपल्या शिडाच्या गलबतातून जमैकाची केळी न्यू यॉर्कसमोरच्या जर्सी सिटीला नेली आणि चांगल्या नफ्यानं विकली. त्यातून बोस्टन फ्रूट कंपनी निघाली आणि १८९९ मध्ये तिच्यासह इतर कंपन्या मिळून युनायटेड फ्रूट कंपनी झाली. केळं हा नाशवंत माल. तो वेळेवर पोचवायचा तर जहाज वेगवान हवं आणि त्याचं वेळापत्रक पक्कं हवं. वेगवान, वेळेवर सुटणारं जहाज असलं की त्यात माणसंही बसवता येतात. त्यामुळे केळ्यांच्या जहाजांवर प्रवाशांच्या खोल्या आल्या. ऊन कमी शोषलं जावं आणि पोटातला माल थंड राहावा म्हणून ही जहाजं पांढरी रंगवत, आणि ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’ या नावानं कंपनी त्यांच्या सहलींची जाहिरात करी. बेकरनं तर जमैकातल्या पोर्ट अँटोनियोला टिचफिल्ड हे हॉटेलच चालवलं. उत्तरेकडून येताना पाहुणे आणायचे, परतताना केळी न्यायची. कॅरिबियन पर्यटनाचा पाया असा फळांच्या जहाजात घातला गेला. निव्वळ करमणुकीसाठी बांधलेलं जहाज तेव्हा अपवाद होतं. अशा जहाजांतलं पहिलं मानलं जाणारं जर्मन ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ १९०० मध्ये पाण्यात उतरलं आणि १९०६ च्या डिसेंबरात जमैकाच्याच पोर्ट रॉयलजवळ खडकावर चढून संपलं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. युनायटेड फ्रूट ही काही बेटांची हितकर्ती नव्हती. मध्य अमेरिकेतली सरकारं वाकवणारी, जमिनी बळकावणारी, मजुरांना पिळून काढणारी कंपनी म्हणून तिची नोंद इतिहासात आहे. मग त्या काळाकडे मान वळवून पाहण्यात अर्थ काय? मी त्या काळाला चांगला म्हणत नाही. मी फक्त जहाज आणि बंदर यांच्यातल्या गरजेबद्दल बोलतो आहे. केळ्यांच्या जहाजाला पोर्ट अँटोनियोला यावंच लागे, कारण केळी तिथे पिकत होती. ही गरज शोषणाची असली तरी दोन्ही बाजूंना बांधणारी होती. म्हणूनच गोदी कामगारांनी काम थांबवलं की कंपनीचं जहाज खोळंबत असे. मालक कितीही बलदंड असला तरी घडांची बोट रिकामी परत नेणं त्याला परवडत नाही. आज जमैकातल्या फालमथच्या धक्क्यावर संप झाला तर तिथे येणारं क्रूझ जहाज दुसऱ्या दिवशीच्या बंदराकडे थोडं लवकर निघेल, इतकंच. हा फालमथही जुना साखरेचा व्यापार करणारा गाव. २०११ मध्ये तिथे खास त्या वेळच्या सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजांसाठी धक्का बांधला गेला. ज्या किनाऱ्यावरून साखर आणि रम बाहेर जाई, तिथून आता मालाचं एक पोतंही त्या जहाजांत चढत नाही.

फारकत एका दिवसात झाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानानं प्रवासी पळवले आणि कंटेनरनं माल. प्रवासी जहाजाला काम उरलं नाही, तेव्हा सहल हेच त्याचं काम झालं. १९६६ च्या डिसेंबरात नॉर्वेचे क्नूट क्लोस्टर आणि मायामीतले टेड ॲरिसन यांनी ‘सनवर्ड’ हे जहाज मायामी-नासाऊ मार्गावर सोडलं आणि आजच्या क्रूझ धंद्याची सुरुवात तिथून धरतात. ‘सनवर्ड’ मुळात मोटारी वाहून नेणारी फेरी होती. इंग्लंड आणि जिब्राल्टर यांच्या दरम्यान चालवण्यासाठी बांधलेली, पण तो मार्ग फसला म्हणून अटलांटिक ओलांडून आलेली. दोन वर्षांनी आलेल्या ‘स्टारवर्ड’लाही गाड्या आणि ट्रेलर घेण्यासाठी मजला ठेवलेला होता. म्हणजे क्रूझच्या पहिल्या पिढीलाही मालाची आठवण होती. नंतर हिशेब बदलला. मालाच्या जागेत केबिन बसवल्या की त्या जास्त कमावतात हे मालकांच्या लक्षात आलं आणि ‘स्टारवर्ड’च्या त्या मजल्यावर पुढे केबिन झाल्या. जहाजबांधणीतला तो एक किरकोळ बदल वाटेल. माझ्या मते कॅरिबियनच्या सागरी इतिहासात तो महत्त्वाचा आहे, कारण त्यानंतर या जहाजांनी बेटाकडून काही उचलायचं आणि बेटाला काही पोचवायचं बंदच केलं.

त्या वाटेनं चालत गेल्यावर कुठे पोचतो, ते २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’मध्ये दिसतं. लांबी ३६५ मीटर, २० मजले, २,३५० कर्मचारी. सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० प्रवासी. तिचं ‘ग्रॉस टनेज’ सुमारे २ लाख ४८ हजार सांगतात. हे वजन समजलं जातं, पण ते जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे, आणि म्हणून इथे ते फार बोलकं आहे. या जहाजात सर्वांत जास्त आहे ती जागा. ती जागा तरणतलाव, नाट्यगृह, बाग, दुकानं यांनी भरलेली असते. पिण्याचं पाणी जहाज समुद्रातून स्वतः तयार करतं. वीज स्वतः करतं. अन्न मायामीत चढवलेलं असतं. टगबोटीचीही बहुधा गरज लागत नाही. क्रूझ जहाजांपैकी प्रथम १९९८ मध्ये ‘कार्निव्हल इलेशन’वर बसवलेल्या, पाण्याखाली चहूकडे फिरणाऱ्या विद्युत प्रणोदकांमुळे आणि पुढच्या अंगाच्या आडव्या पंख्यांमुळे एवढं अवाढव्य धूड कप्तान जागच्या जागी वळवतो. बंदरातून त्याला लागतं काय? वाट दाखवणारा स्थानिक पायलट, दोर गुंतवणारी माणसं आणि काही तास उभं राहायला खोल पाणी.

यावर कोणी म्हणेल, जहाजाला बंदर हवंच असतं, नाहीतर ते थांबलंच कशाला असतं? खरं आहे, आणि त्याचं कारण समुद्रकिनाऱ्याच्या सौंदर्याइतकंच कायद्यातही आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला दोन अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करता येत नाही. मायामीहून निघून मायामीलाच परतायचं असेल तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावं लागतं. बहुतेक सगळी क्रूझ जहाजं परदेशी ध्वजाचीच असल्यामुळे बहामाज किंवा मेक्सिको त्यांच्या मार्गावर येणारच. पण कायदा ‘परदेशी बंदर’ मागतो, नासाऊ मागत नाही. ही फट कंपन्यांना लवकर दिसली. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं १९७७ मध्येच बहामाजमधलं ग्रेट स्टिरप की विकत घेतलं. १९८६ पासून रॉयल कॅरिबियन हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लाबाडी या कुंपण घातलेल्या भूशिरावर पाहुणे उतरवू लागली. १९९८ मध्ये डिस्नेचं कास्टअवे की आलं, २०१९ मध्ये एमएससीचं ओशन की, आणि त्याच वर्षी रॉयल कॅरिबियननं सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून कोकोके बेट नव्यानं उभं केलं, धक्क्यासह. २०२५ मध्ये कार्निव्हलनं ग्रँड बहामावर सेलिब्रेशन की उघडलं. खासगी बेटावर कायद्याची अट पूर्ण होते, खुर्ची आणि पेय कंपनीचं असतं, आणि पाहुण्याचा पैसा घराबाहेर जात नाही. त्या बेटांवर बहामियन माणसं नोकरीला असतात, त्यांना पगार मिळतो, हे मान्य करायला हवं. पण नासाऊमधला टॅक्सीवाला, गवती टोपल्या विणून विकणारी बाई, बे स्ट्रीटवरचा छोटा खानावळवाला यांची तिथे जागा नाही. २०२४ मध्ये बहामाजला सुमारे १ कोटी १२ लाख पाहुणे आले आणि त्यांतले ९४ लाख समुद्रमार्गे, असं सरकारी आकडे सांगतात. त्या ९४ लाखांत फक्त खासगी बेटाची वाळू पाहून परतलेलेही मोजलेले आहेत.

ध्वजाचीही गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तो पाहून पाहुण्याची हमखास फसगत होते. मागच्या अंगावर नावाखाली ‘नासाऊ’ असं लिहिलेलं जहाज पाहिलं की ते इथलंच वाटतं. प्रत्यक्षात रॉयल कॅरिबियन कंपनीची नोंदणी लायबेरियात, कार्निव्हलची अनेक वर्षं पनामात. दोघींची कार्यालयं मायामीत. जहाजं बांधली फिनलंड, इटली, फ्रान्स, जर्मनीत. आणि ध्वज बहुधा बहामाज किंवा पनामाचा. ध्वज देणाऱ्या देशाला नोंदणीचं शुल्क मिळतं, मालकाला सौम्य कर आणि कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मोकळीक. समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायदा जहाज आणि ध्वज यांच्यात खरा संबंध असावा असं म्हणतो, पण खरा म्हणजे कोणता, ते सांगत नाही. तो संबंध किती पातळ आहे हे २०२० च्या मार्चमध्ये उघड झालं. ‘ब्रेमार’ या जहाजावर कोरोनाचे रुग्ण सापडले. जहाजाची नोंदणी नासाऊची होती. बहामाजनं त्याला किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून सामान घेऊ दिलं, माणसं उतरवू दिली नाहीत. शेवटी क्यूबानं मारिएल बंदर उघडलं आणि तिथून प्रवासी विमानानं घरी गेले. बहामाजला मी इथे दोष देत नाही. जेमतेम चार लाखांच्या देशाची रुग्णालयं किती पेलणार? मुद्दा एवढाच की ध्वजावरून जहाज बंदराचं ठरत नाही. त्यापेक्षा मागच्या अंगावर रंगवलेला सात आकडी आयएमओ क्रमांक खरा साक्षीदार. नाव, मालक, ध्वज बदलले तरी तो बदलत नाही.

आता पॉटर्स कीकडे जाऊ. बहामाज म्हणजे सुमारे ७०० बेटं. वस्ती जेमतेम तीसेक बेटांवर, आणि लोकसंख्येतले ७० टक्क्यांहून जास्त लोक एकट्या न्यू प्रॉव्हिडन्सवर. उरलेले शेकडो किलोमीटरांत विखुरलेले. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे टपालबोट. शिडाच्या गलबतांच्या काळापासून ही सेवा चालत आली आहे. आता बोटी पोलादी आणि डिझेलच्या आहेत, मालकी खासगी आहे आणि फेरीमागे सरकार अनुदान देतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बोट सुटते. त्याआधी दोन दिवस धक्क्यावर जे गोळा होतं, ती त्या बेटाची यादीच असते: सिमेंट, लाकडी फळ्या, गोठवलेल्या कोंबडीचे खोके, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, एखादी वापरलेली जपानी मोटार, शाळेची बाकं, कोणाच्या तरी लग्नाचं सामान, कधी शवपेटी. वर टपालाच्या पिशव्या आणि काही प्रवासी. आपल्याकडे आडगावाला जाणारी एसटी जशी माणसांबरोबर पार्सल, औषधं आणि वर्तमानपत्रं पोचवते, तसंच हे. जवळच्या बेटाला एक रात्र लागते, दक्षिणेच्या इनाग्वासारख्या ठिकाणी दोन दिवसांच्या आसपास. परतताना बोट शंखाचं मांस, शेवंडी, कांदे, टोमॅटो, केळी घेऊन येते, आणि नासाऊच्या दवाखान्यात जायचं असलेली माणसंही. केळ्यांच्या जहाजात माणूस आणि माल जसे एकत्र होते, तसे ते इथे अजून आहेत. म्हणून या बोटीचा धक्का बदलता येत नाही आणि फेरी चुकवता येत नाही.

अनुदान काढून घेतलं तर टपालबोट बुडेल. मग ती बेटाचा आधार कशी, असं कोणी विचारेल. पण क्रूझ बंदरंही सार्वजनिक पैशावर उभी असतात. खाडी उपसणं, धक्का लांबवणं, रस्ते रुंद करणं या गोष्टी बेटांनी कर्ज काढून केल्या आहेत. नासाऊचा नवा क्रूझ धक्का ग्लोबल पोर्ट्स होल्डिंग या कंपनीला २५ वर्षांसाठी दिलेला आहे. त्यात बहामियन गुंतवणूकदारांच्या निधीचाही मोठा वाटा आहे, ही चांगली गोष्ट. फरक गुंतवणुकीच्या अपेक्षेत आहे. टपालबोटीवर खर्च केलेल्या पैशातून बेटावर माणसं राहू शकतात. क्रूझ धक्क्यावर खर्च केलेला पैसा जहाज यावं या आशेवर असतो, आणि जहाज येईलच असं बंधन कोणावर नसतं.

आरावाक कीवरचे कंटेनर हे याच साखळीतलं पुढचं टोक. २०१२ पर्यंत मालवाहू जहाजं शहराच्या मध्यावर, बे स्ट्रीटच्या धक्क्यांवर लागत; मग ती इथे हलवली गेली. फारकतीचं हे शहरी रूप: पाहुण्यांच्या नजरेतून माल बाजूला गेला. कॅरिबियनच्या छोट्या बंदरांना जाणारी मालवाहू जहाजं ओळखायला सोपी असतात. त्यांच्या डेकवर स्वतःच्या क्रेन असतात, कारण बंदरात त्या असतीलच असं नाही. काही तर सपाट तळाची असतात. पुढचं दार सरळ वाळूवर टाकतात आणि त्यावरून ट्रक उतरतात. फ्लोरिडातून येणाऱ्या या जहाजांत दूध, तांदूळ, कागद, औषधं सगळं असतं. बहामाजचं बहुतेक अन्न आयात होतं, आणि त्रिनिदाद वगळता या भागातली बहुतेक बेटं आयात तेलावर वीज करतात, म्हणजे तेलवाहू जहाज दोन-तीन आठवडे चुकलं तर दिवे जातात. क्रूझ जहाज वर्षभर चुकलं तर काय होतं, याचा प्रयोग जगानं न ठरवता करून पाहिला. २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या जूनपर्यंत कॅरिबियनमध्ये क्रूझ जवळजवळ थांबल्या. हाल झाले, हजारो लोक बेकार झाले, सरकारं कर्जात गेली. ते दुःख लहान नव्हतं. पण मालवाहू जहाजं आणि टपालबोटी चालू राहिल्या म्हणून बेटं उपाशी राहिली नाहीत. उलटा प्रयोग क्युरासाओच्या विलेमस्टाडमध्ये दिसला. तिथल्या तरंगत्या बाजारात व्हेनेझुएलाच्या लाकडी बोटी सुमारे ६५ किलोमीटर समुद्र ओलांडून भाजी, फळं, मासे आणत. विक्रेते आठवडेच्या आठवडे बोटीतच झोपत. २०१९ च्या फेब्रुवारीत व्हेनेझुएलानं सीमा बंद केली आणि त्या बोटी थांबल्या. क्रूझ जहाजं नेहमीसारखी येत राहिली. पण स्वस्त केळी आणि आंबे घेणाऱ्या स्थानिक गिऱ्हाइकाला त्यांचा काय उपयोग?

या बोटींमध्ये ज्ञानही साठलेलं आहे आणि ते नाहीसं व्हायला वेळ लागत नाही. ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर विंडवर्ड नावाच्या गावात स्कॉटिश कारागिरांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या शिडाची गलबतं बांधत आले. नकाशा नाही, आराखडा नाही. व्हाइट सीडरच्या नैसर्गिक वळणाच्या फांद्या शोधून त्यांच्या फासळ्या करायच्या आणि डोळ्यानं रेषा धरायची. गलबत समुद्राकाठीच उभं राहतं. पूर्ण झालं की त्याचे टेकू तोडून ते कुशीवर झोपवतात आणि सारं गाव मिळून ओंडक्यांवरून पाण्यात ढकलतं. हीच गलबतं बेटाबेटांत साखर, पीठ, गुरं नेत, आणि सेंट बार्ट्सहून बिनजकातीची दारूही आणत. २०२३ मध्ये युनेस्कोनं या कलेची अमूर्त वारशात नोंद घेतली. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळानं कॅरिआकू जवळजवळ सपाट केलं.

वादळाचा विषय निघाला की क्रूझच्या बाजूचा सर्वांत मनाला भिडणारा युक्तिवाद येतो. २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया या वादळांनंतर ‘ॲडव्हेंचर ऑफ द सीज’नं पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटांवरून हजारो माणसं बाहेर काढली, २०१९ मध्ये डोरियननंतर ‘ग्रँड सेलिब्रेशन’नं ग्रँड बहामाहून हजाराहून अधिक लोकांना फ्लोरिडाला नेलं. हे उपकार खरे आहेत आणि ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण त्याच २०१७ च्या हंगामात कंपन्यांनी सफरी उद्ध्वस्त पूर्व कॅरिबियनमधून उचलून पश्चिमेला मेक्सिकोकडे वळवल्या, तेही त्यांच्या दृष्टीनं रास्तच होतं. जहाज मदतही करू शकतं आणि निघूनही जाऊ शकतं. दोन्ही त्याच्या मर्जीवर. खर्चाच्या युक्तिवादालाही हेच लागू. क्रूझ उद्योगानंच करवून घेतलेल्या पाहण्यांनुसार एक प्रवासी एका बंदरात सरासरी १०० डॉलरच्या आसपास खर्च करतो. हजारो प्रवासी आणि वर्षाचे शेकडो थांबे धरले तर रक्कम मोठी होते. तरी बेटांना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. १९९० च्या दशकात पूर्व कॅरिबियनमधल्या छोट्या देशांनी दर प्रवाशामागे समान कर लावायचं ठरवलं, कंपन्यांनी मार्ग बदलण्याची भाषा केली आणि बेटांची एकी टिकली नाही. मेक्सिकोसारख्या मोठ्या देशानंही २०२४ च्या अखेरीस प्रवाशामागे ४२ डॉलर मंजूर केले आणि वाटाघाटींनंतर २०२५ च्या जुलैपासून ५ डॉलरनं सुरुवात केली. जे जहाज उद्या शेजारच्या बेटावर जाऊ शकतं, त्याच्याशी घासाघीस करताना बेटाचा हात नेहमीच खाली राहतो.

जहाजं किती सहज निघून जातात, हे तपासायला मराठी वाचकाला कॅरिबियनला जायचीही गरज नाही. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे १९९० चं ‘नॉर्डिक एम्प्रेस’; मायामीहून बहामाजच्या तीन-चार दिवसांच्या सफरींसाठी खास बांधलेलं. २०२० मध्ये ते विकलं गेलं आणि २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईच्या धक्क्याला लागलं. ‘नॉर्वे’ची कथा याहून कडवट आहे. मूळचं ‘फ्रान्स’, १९८० पासून मायामीहून कॅरिबियनच्या सफरी करणारं, २००३ मध्ये बाष्पकाचा स्फोट होऊन आठ कर्मचारी दगावलेलं हे जहाज २००६ मध्ये ‘ब्लू लेडी’ या नावानं गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर आलं. त्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून वाद होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर ते तोडलं गेलं. आणि या जहाजांच्या पोटात, पाहुण्यांना न दिसणाऱ्या मजल्यांवर, गोव्याचे आणि मुंबईचे तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, आहेतच. सागरी कामगार करारानुसार त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे चौदा तासांचा कामाचा दिवसही नियमात बसतो. त्यांच्या घरी येणारा पैसा खरा आहे. पण ज्या बंदराला जहाज लागतं तिथल्या तरुणापेक्षा गोव्यातल्या तिसवाडी-सालसेतचा तरुण जहाजावर भेटण्याची शक्यता अधिक, ही गोष्टही जहाज आणि बंदर यांच्यातल्या अंतराचाच पुरावा आहे.

मग बेटांनी क्रूझ नाकाराव्यात का? तसं मला वाटत नाही. एवढं उत्पन्न सोडून देणं सुखासुखी शक्य नाही. बेटांनी आपल्या अटी स्वतः ठरवाव्यात, आणि त्या ठरवताना टपालबोटींच्या आणि मालाच्या बंदरांचं नुकसान होऊ देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. ग्रँड केमनमध्ये हे घडताना दिसलं. तिथल्या जॉर्ज टाऊनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाजं बाहेर नांगरतात आणि स्थानिक बोटी प्रवाशांना किनाऱ्यावर आणतात. धक्का बांधण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं येत राहिला. बांधला तर प्रवाळ उपसावं लागेल, न बांधला तर नवी अवाढव्य जहाजं वळसा घालून जातील, असा पेच होता, आणि केमनला येणाऱ्यांची संख्या घटतही होती. ३० एप्रिल २०२५ रोजी निवडणुकीबरोबरच त्यावर सार्वमत झालं आणि बहुसंख्य मतदारांनी धक्का नको असं सांगितलं. त्या निर्णयाची किंमत दुकानदार आणि टॅक्सीवाले मोजतील, तेही मतदारांपैकीच होते. पण जहाजाच्या आकाराप्रमाणे बेटाचा किनारा बदलायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिथे मायामीतल्या कार्यालयाकडे न जाता बेटाकडे राहिला, आणि किनाऱ्यावर येण्यासाठी प्रत्येक प्रवाशाला अजूनही केमनच्याच बोटीत पाऊल टाकावं लागतं.